गंगाजळीत पाणी कुणाचं?

पत्रक वाचून मला आधी वाटलं, विषय आरक्षणाचा आहे.

'जगाने नवे राखीव चलन स्वीकारावे.' कोल्हापूरच्या वादविवाद स्पर्धेचा हा विषय. प्राचार्यांनी कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मॅडम, यंदा मुलांना तुम्हीच तयार करा. कॉमर्सचे सर रजेवर आहेत." मी रत्नागिरीत ज्युनिअर कॉलेजला मराठी शिकवते, एकवीस वर्षं झाली. राखीव म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे एसटीतली 'महिलांसाठी राखीव' ही पाटी येते. चलन म्हटलं की परीक्षा फीचं, बँकेच्या खिडकीत भरायचं, तीन प्रतींतलं. हे दोन शब्द एकमेकांशेजारी येऊन बसले की काय होतं, याची मला सुतराम कल्पना नव्हती. पण नाही कसं म्हणणार? दोन आठवडे हातात होते.

वादविवादाच्या संघात दोघं असतात. एकाने अनुकूल बोलायचं, दुसऱ्याने प्रतिकूल. अनुकूल बाजू बारावी सायन्सच्या एका मुलीने आपणहून घेतली. तिसऱ्या दिवशी तिने भाषण लिहूनही आणलं. त्यात 'अमेरिकेची दादागिरी' सात वेळा होती. प्रतिकूल बाजू अकरावी कॉमर्सच्या मुलाकडे आली. त्याच्या घरचा हापूस दुबईला जातो. तो म्हणाला, "मॅडम, डॉलर चढला की आमचे पप्पा पेढे आणतात. मी डॉलरच्या विरुद्ध कसा बोलू?" त्याला सांगावं लागलं की, बाबा रे, तुला विरुद्ध बोलायचंच नाहीये. म्हणजे डॉलरच्या. ठरावाच्या विरुद्ध बोलायचंय. इथे माझाच गोंधळ उडाला आणि आम्ही तिघं चहा प्यायला गेलो.

मला धरायला पहिली फांदी मिळाली ती भाषेतच. राखीव निधीला आपली मराठी वर्तमानपत्रं 'परकीय चलनाची गंगाजळी' म्हणतात. हा शब्द मी शेकडो वेळा वाचला असेन, पण थांबून कधी पाहिला नव्हता. आमच्या देवघरात गंगाजळी होती. आजेसासऱ्यांनी काशीहून आणलेला मुठीएवढा तांब्याचा गडू, तोंड पक्कं बंद केलेलं. सासूबाई दर सोमवारी तो चिंचेने घासायच्या, पण आत काय आहे ते कुणी पाहिलेलं नव्हतं. तो हलवला की किंचित आवाज यायचा, तेवढाच. सासूबाईंच्या अखेरच्या दिवशी माझ्या नवऱ्याने स्क्रू-ड्रायव्हरने त्याचं तोंड फोडलं आणि चार थेंब त्यांच्या ओठांवर सोडले. पन्नास वर्षं जपलं ते एवढ्यासाठी.

देशाचंही असंच असतं, हे मला कळलं तेव्हा विषय एकदम ओळखीचा वाटला. रोजच्या खर्चाला न लागणारं, पण घरात आहे म्हणून धीर देणारं पाणी. १९९१ साली आपल्यावर गडू फोडायची वेळ आली होती. जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं होतं. त्या जुलैत रिझर्व्ह बँकेने जवळजवळ ४७ टन सोनं मुंबईहून विमानाने बाहेर पाठवलं आणि बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपानकडे गहाण ठेवून चाळीस कोटी डॉलरच्या आसपास रक्कम उभी केली. तेव्हापासून आपण पाणी भरत सुटलो आहोत. २०२४च्या सप्टेंबरात आपली गंगाजळी ७०० अब्ज डॉलरच्या वर गेली होती.

ती डॉलरमध्येच का मोजायची, हा मुलीचा प्रश्न. आणि आत नेमकं काय असतं, हा माझा. मी समजत होते, रिझर्व्ह बँकेच्या तळघरात हिरव्या नोटांच्या थप्प्या असतील. तसं काही नसतं. थोडं सोनं असतं. बाकी बहुतेक सगळे कागद, म्हणजे परक्या सरकारांचे कर्जरोखे आणि परक्या बँकांतल्या ठेवी. आपण डॉलर साठवतो याचा अर्थ त्यातले बरेचसे आपण अमेरिकेच्या सरकारला उसने दिलेले असतात. हे वाक्य मी वहीत लिहिलं आणि खाली दोनदा रेघ मारली. ज्याच्या नावाने बोटं मोडायची, त्यालाच पैसे वापरायला द्यायचे, आणि त्याला आपली श्रीमंती म्हणायचं! माझ्या नवऱ्याने वही वाचली आणि म्हणाला, "पतपेढीत ठेव ठेवतो तेव्हा तरी दुसरं काय करतो आपण?" त्याचं बरोबर होतं. फक्त पतपेढीच्या चेअरमनला नोटा छापता येत नाहीत.

या जागेवर मी चार दिवस अडले. जगात सगळ्यांना डॉलर लागतात, कारण तेलापासून औषधांपर्यंत बहुतेक सौदे त्यात होतात. ते डॉलर जगाकडे येणार कसे? अमेरिकेने विकण्यापेक्षा विकत जास्त घेतलं, आणखी उधारी केली, तर. पण उधारी फार वाढली की त्याच डॉलरवरचा विश्वास उडणार. म्हणजे पुरवठा हवा असेल तर त्याने कर्जबाजारी व्हावं आणि भरवसा हवा असेल तर होऊ नये. रॉबर्ट ट्रिफिन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९६०मध्ये या गाठीवर बोट ठेवलं होतं. तेव्हा ३५ डॉलर दिले की एक औंस सोनं, असा अमेरिकेचा परदेशी सरकारांना शब्द होता. १५ ऑगस्ट १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी टीव्हीवर येऊन तो शब्द मागे घेतला. त्याच वर्षी त्यांच्या अर्थमंत्र्यांनी, जॉन कॉनली यांनी, युरोपच्या लोकांना तोंडावर सांगितलं की चलन आमचं असलं तरी डोकेदुखी तुमची आहे. आमच्या मुलीला हा कॉनली फार आवडला. शत्रू कसा, तर असा.

मग आम्ही मागे, १९४४मध्ये गेलो, आणि तिथे मला माझा माणूस भेटला. त्या जुलैत अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्स इथल्या एका हॉटेलात ४४ देशांचे लोक युद्धानंतरच्या पैशाची घडी बसवायला जमले होते. हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते, सी. डी. देशमुख. मला ते ठाऊक होते मेघदूताचा मराठी अनुवाद करणारे आणि १९५६मध्ये मुंबईच्या प्रश्नावरून केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडणारे चिंतामणराव म्हणून. ते तिथे काय करत होते? तर आपली उधारी परत मागत होते. युद्धात हिंदुस्थानने ब्रिटनला जो माल आणि जी सेवा पुरवली, त्यांचे पैसे लंडनच्या खात्यात पौंडांच्या रूपाने जमा होत होते, युद्ध संपेपर्यंत एक अब्ज पौंडांहून अधिक. पण ते वापरायची मोकळीक नव्हती. तेव्हाची आपली गंगाजळी म्हणजे हे पौंड. गडू आपला, पाणी आपल्या घामाचं, झाकणावर हात ब्रिटनचा. हा प्रश्न परिषदेने हाती घ्यावा असं आपल्या शिष्टमंडळाने मांडलं. हा आमचा दोघांतला मामला आहे, असं म्हणून ब्रिटनने तो बाजूला ठेवला.

ब्रिटनच्या बाजूला बसले होते जॉन मेनार्ड केन्स. आणि गंमत अशी, की नव्या जागतिक चलनाचं सगळ्यात देखणं स्वप्न याच माणसाने पाहिलं होतं. त्याचं नाव बँकॉर. ते मला समजलं आमच्या स्टाफरूममधल्या भिशीमुळे.

आमच्या भिशीत बारा जणी आहेत. वही एकीकडे असते. प्रत्येक वेळी नोटा इकडून तिकडे जातातच असं नाही. कुणी साडीचे पैसे भिशीत वळते करते, कुणी पापडांचे. वहीत नाव-जमा झालं की व्यवहार पुरा. केन्स यांना सगळ्या देशांची अशी वही हवी होती. वहीतलं एकक बँकॉर. ते कुठल्याही एका देशाचं नाही, ते घेऊन दुकानात जाता येत नाही, देशांनी आपापसांत हिशेब मिटवायचा, इतकंच. खरा झणझणीत भाग पुढे आहे. ज्याच्या नावावर फार देणं साचेल त्याला दंड, आणि ज्याची फार येणी साचतील त्यालाही दंड! सतत विकत राहणारा आणि कधीच फारसं विकत न घेणारा देशही दोषी, अशी ती कल्पना. मी हे स्टाफरूममध्ये सांगितलं तेव्हा वही सांभाळणाऱ्या आमच्या मॅडम म्हणाल्या, "माझेच पैसे पडून आहेत म्हणून मलाच दंड? मग मी भिशीत कशाला राहू?"

१९४४मध्ये अमेरिका नेमकं हेच म्हणाली. जगातल्या सरकारी सोन्यापैकी निम्म्याहून जास्त तिच्याकडे होतं, विकणारी तीच होती. तिच्या वतीने हॅरी डेक्स्टर व्हाइट यांनी आणलेली योजना मान्य झाली आणि बँकॉर कागदावरच राहिला.

नंतर एक अर्धवट प्रयत्न झाला. १९६९मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने 'स्पेशल ड्रॉइंग राइट्स' काढले. मला आधी वाटलं चित्रकलेशी काही संबंध आहे. मराठीत पाहिलं तर 'विशेष आहरण अधिकार', आणि मी हसतच सुटले. आमच्या पगारपत्रकावर दर महिन्याला 'आहरण व संवितरण अधिकारी' असा शिक्का असतो. आहरण म्हणजे पैसे उचलणं. सीतेशी संबंध नाही. आज हे एकक डॉलर, युरो, युआन, येन आणि पौंड अशा पाच चलनांच्या टोपलीवर ठरतं. युआन त्यात २०१६मध्ये आला. करोनाच्या काळात, २०२१च्या ऑगस्टमध्ये, नाणेनिधीने एका फटक्यात ६५० अब्ज डॉलर किमतीचे हे अधिकार सभासद देशांना वाटले. त्याआधी, २००८चं अमेरिकेतलं आर्थिक संकट जगाच्या अंगावर आल्यानंतर, चीनच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर झोउ शियाओचुआन यांनी बँकॉरची आठवण काढून याच एककाला मोठं करा असं सुचवलं होतं. पण हे हातात घेऊन तेल मिळत नाही, गहू मिळत नाही. आधी कुणा सरकारकडून ते डॉलरमध्ये किंवा युरोमध्ये बदलून घ्यायचे. म्हणजे फिरून गाडी त्याच स्टँडवर. मुलीचा चेहरा पडला. प्रतिकूलवाल्याने वहीत टिपून घेतलं.

इतिहासाच्या सरांनी आमची दया येऊन एक गोष्ट सांगितली. १६७४मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला होता. त्याच्या तहाच्या मसुद्यात एक कलम असं, की इंग्रजांची नाणी महाराजांच्या मुलखात चालावीत. महाराजांनी ते कलम तहात घालायला नकार दिला. ज्यात रयतेला तोटा होईल असं नाणं घ्यायची सक्ती मी करणार नाही, पण तुमचं नाणं मोगलांच्या किंवा इतरांच्या नाण्यासारखं कसाचं आणि वजनाचं असेल तर मनाईही करणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. सर पुढे पेशवाईत शिरले. अंकुशी रुपया, चांदवडी रुपया, टांकसाळीगणिक वेगळा, आणि एक देऊन दुसरा घ्यायचा तर सराफ मधला बट्टा कापून घेणार. "बट्टा हा शब्द पाठ करा," ते मुलांना म्हणाले, "परीक्षक खूश होतात."

हे सगळं मी अंगणात बसून नवऱ्याला सांगत होते, तेव्हा शेजारचे चाचा गडग्यापलीकडून ऐकत होते. चाचांचं वय ऐंशीला टेकलंय. ते म्हणाले, "बाय, आपला रुपाया एके काळी दुबईत चालायचा. तुला दाखवतो." आत गेले आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कुराणाचं जुनं वेष्टण घेऊन आले. त्यात एक नोट होती.

दहा रुपयांची. एका बाजूला अशोकस्तंभ, दुसऱ्या बाजूला शिडाचं गलबत, खाली रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही. सगळं आपलंच, पण रंग लाल. आणि नंबराच्या आधी इंग्रजी झेड. घड्यांवर ती इतकी विरली होती, की उजेडात धरल्यावर गलबताच्या मधोमध आभाळ दिसत होतं.

चाचा विसाव्या वर्षी 'द्वारका' बोटीच्या डेकवर बसून दुबईला गेले. खाडीच्या धक्क्यावर गावच्याच एका मुकादमाच्या हाताखाली काम. "परमुलखात आलो असं वाटलंच नाही. पगार रुपयांत, चहा आण्यात." कुवेतपासून मस्कतपर्यंत एके काळी रुपयाच चालायचा. पण व्यापारी रुपयांच्या थैल्या आखातात नेत, त्याचं सोनं घेऊन चोरून इकडे आणत, आणि तिकडे साचलेले रुपये बदलून द्यायला आपल्याला पौंड मोजावे लागत. म्हणून १९५९मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. भारतात त्या चालत नसत, पण किंमत आपल्या रुपयाइतकीच. म्हणजे त्या चिमुकल्या अमिरातींच्या दृष्टीने आपण कोण होतो? मी चाचांना विचारणार होते, पण उत्तर माझं मलाच आलं. आपण त्यांचे अमेरिका होतो.

"मग?"

"मग काय. सहा जून."

६ जून १९६६. डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला, पौंड १३ रुपये ३३ पैशांवरून एकवीस रुपयांवर. भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं. लाल नोट आपल्याच रुपयाला बांधलेली, तीही तेवढीच खाली आली. चाचांनी जपानी ट्रान्झिस्टरसाठी सव्वाशे रुपये साठवले होते. दुसऱ्या दिवशी दुकानदाराने दोनशे सांगितले. "मी म्हटलं, काल तर सव्वाशे होता. तो म्हणाला, काल तुझा रुपया वेगळा होता. मी म्हटलं, हाच होता, खिशातच होता." साठ वर्षांनीही चाचा खिशावर हात ठेवून सांगत होते.

"दुबईवाल्यांना कुणी आधी विचारलं होतं?"

"कोण विचारणार, बाय? दिल्लीला दुबई कुठे आहे ते तरी माहीत होतं का तेव्हा?"

कुवेत १९६१मध्येच आपला दिनार काढून वेगळा झाला होता, बहरीन १९६५मध्ये. आता कतार आणि दुबईनेही काही महिन्यांत स्वतःचा रियाल आणला. ओमान तेवढा १९७०पर्यंत रुपयावर राहिला. हे अवमूल्यन दिल्लीने माजोरीपणाने केलं असं मी म्हणणार नाही. दुष्काळ होता, नुकतंच युद्ध झालं होतं, मदत देणाऱ्यांचा दबाव होता. आपलं घर गळत होतं म्हणून आपण आपल्या घराकडे पाहिलं. पण निक्सन यांनी तरी आणखी काय केलं? माझ्या मनात तेव्हापासून एवढं पक्कं बसलं आहे. एका घराची नोट सगळ्या गल्लीने वापरली, की कसोटीच्या दिवशी ते घर आपलंच बघतं. मालक वाईट असावा लागत नाही. म्हणून ब्रिक्सचं चलन, युआनचं राज्य, असलं कुणी सांगू लागलं की माझा उत्साह मावळतो. फक्त घर बदलतं.

आणि मालक नसलेलं चलन, बँकॉरसारखं? मन तिकडेच ओढ घेतं. पण वही कुणाकडे ठेवायची, या प्रश्नावर बारा बायकांची भिशी दोनदा मोडली आहे. इथे तर दोनशेच्या घरात देश.

चाचांची नोट आमच्या तालमीत बॉम्बसारखी पडली. मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिने भाषणातली सातपैकी पाच दादागिऱ्या स्वतःच खोडल्या आणि म्हणाली, "मॅडम, हा मुद्दा माझा. भारतासारखा देशही असा वागू शकतो, म्हणून कुठल्याच एका देशाचं चलन नको." मुलगा उसळून म्हणाला, "छे, माझा! आपणच एका रात्रीत शब्द फिरवला, तर दोनशे देश मिळून काढलेल्या चलनाचा शब्द कोण पाळणार?" दोघंही बरोबर होती. एका संघातले दोघं तीच गोष्ट सांगून उलट निष्कर्ष काढतात म्हटल्यावर परीक्षक हसले असते. शेवटी नाणं उडवलं. रुपयाचंच. मुलगी जिंकली.

मुलाला भरपाई म्हणून मी गोव्याचा किस्सा दिला. २०२२मध्ये रशियाची परकीय गंगाजळी, ३०० अब्ज डॉलरच्या आसपास, पाश्चात्त्य देशांनी गोठवली. गडू त्यांचा, झाकणावर हात दुसऱ्याचा. चिंतामणरावांची आठवण झाली. त्याच वर्षी जुलैत आपण रुपयांत परदेशी व्यापार करायची वाट मोकळी केली. डॉलर वगळून सौदा! पण मे २०२३मध्ये गोव्यात बाणावलीला परराष्ट्रमंत्र्यांची बैठक झाली, तेव्हा रशियाचे लावरोव्ह यांनी सांगितलं की भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये पडून आहेत आणि ते वापरायचे कसे हा प्रश्न आहे. आपण त्यांच्याकडून तेल भरपूर घेतो, ते आपल्याकडून घेतात त्यामानाने फारच थोडं. मुलगा खूश झाला. "म्हणजे चलन ठराव करून चालत नाही. त्यात घेण्यासारखं काहीतरी दुकानात असावं लागतं." आंबेवाल्याचा मुलगा. हे त्याला शिकवावं लागलं नाही.

स्पर्धेत आम्हाला तिसरा क्रमांक मिळाला. मुलीने चाचांच्या नोटेचा फोटो उंच धरला तेव्हा सभागृह शांत झालं होतं, एवढं मी छातीठोक सांगते. मुलाचा 'बट्टा' मात्र घाईत राहून गेला. बक्षीस रोख नव्हतं. प्रत्येकी पाचशे रुपयांचं कुपन होतं, कोल्हापुरातल्या एकाच पुस्तकाच्या दुकानात चालणारं, मुदत महिनाभर. दुकान आम्ही पोचेपर्यंत बंद झालं होतं. स्टँडवर मुलाने ते मिसळवाल्याला देऊन पाहिलं. त्याने उलटसुलट करून बघितलं आणि परत दिलं.

आंबा घाटात एसटी वळणं घेऊ लागली तेव्हा मागच्या सीटवरून आवाज आला.

"तुझी मावशी कोल्हापूरला असते ना? माझं कुपन घे. चारशे रोख."

"तीनशे."

"पाचशेचं आहे ते!"

"मग जा तूच कोल्हापूरला."

जरा वेळ कुणीच बोललं नाही. मग मुलाने सुस्कारा टाकला आणि मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "मॅडम, बट्टा आता आठवला."